नाजूक बोर्डवरचे एसएमडी घटक बदलताना पॅड का उखडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमधल्या जुन्या सीएनसी लेथचा सर्व्हो ड्राइव्ह (मोटर चालवणारा) बोर्ड दुरुस्तीला आला आहे. त्यावरचे एसएमडी, म्हणजे थेट बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले, ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळले आहेत आणि शेजारचा ०.५ मि.मी. पिचचा (लगतच्या पायांमधले अंतर) क्यूएफपी, म्हणजे चारही बाजूंना पाय असलेला चपटा, आयसी बदलावा लागणार आहे. याआधीच्या अशाच एका बोर्डवर आयसी काढताना पॅड, म्हणजे पाय ज्यांवर सोल्डर होतात ते तांब्याचे तुकडे, निघून आले, म्हणून प्रश्नकर्त्याने हॉट एअरचे (सोल्डर वितळवणाऱ्या गरम हवेच्या झोताचे) तापमान नेमके किती ठेवावे असे विचारले आहे.

आकडे पुढे देतोच, पण पॅड निघून येण्याचे कारण बहुतेक वेळा तापमानाच्या आकड्यात सापडत नाही. एखाद्या कोपऱ्यातला सोल्डर अजून घट्ट असताना चिमट्याने आयसी उचलला जातो आणि ती सगळी ओढ त्या कोपऱ्यातल्या दोन-चार पॅडवर येते. ०.५ मि.मी. पिचच्या आयसीचा पॅड साधारण पाव ते तीन दशांश मि.मी. रुंद असतो, त्याच्या तांब्याची जाडी १८ ते ३५ मायक्रॉन असते आणि त्याला बोर्डशी धरून ठेवणारे असते ते केवळ इपॉक्सी राळ. साध्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डची ही राळ १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि तांब्यावरची तिची पकड ढिली होते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला ६३/३७ सोल्डर मात्र १८३ अंशांना वितळतो, म्हणजे सोल्डर सुटायच्या कितीतरी आधी राळ हात टेकते. सोल्डरिंगच्या प्रत्येक क्षणी पॅड तसा निराधारच असतो, आणि अशा वेळी त्याला ओढायचे नाही, दाबायचे नाही आणि गरजेपेक्षा एक सेकंदही जास्त तापवायचे नाही, एवढे पाळले तर बहुतेक बोर्ड वाचतात.

यातूनच माझ्या कामाचा मुख्य नियम निघतो. बोर्ड वाचवण्यासाठी घटकाचा बळी द्यावा लागला तर बेलाशक द्यावा. काढलेला आयसी पुन्हा वापरायचा नसेल तर त्याचे पाय वाकले किंवा अंग जळाले तरी काही बिघडत नाही. नवा आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून मागवता येतो, पण वीस-पंचवीस वर्षे जुन्या ड्राइव्हचा बोर्ड मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याची किंमत ऐकून मालक मशीनच विकायला काढतो.

आता त्या बोर्डकडे वळू. फाउंड्रीतून आलेल्या बोर्डला सोल्डरिंग आयर्न लावण्याआधी तो धुणे भाग आहे. ग्रीन सँड मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते, त्यात शॉट ब्लास्टिंगची आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ मिसळते आणि कॅबिनेटमधल्या पंख्याच्या कृपेने तो सगळा काळा थर बोर्डवर बसतो. ही धूळ काही अंशी विद्युतवाहक असते. फ्लक्समध्ये (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायच्या रसायनात) ती कालवली गेली आणि वर उष्णता दिली की पायांच्या फटींत तिची पक्की खळ होते, जी नंतर ब्रशने निघत नाही. म्हणून आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी, मग ९९ टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) बोर्ड धुवावा आणि कपॅसिटर गळले आहेत तो भाग कोमट डिस्टिल्ड पाण्याने वेगळा साफ करावा. इलेक्ट्रोलाइटमधले क्षार आयपीएत नीट विरघळत नाहीत, त्यांना पाणीच लागते. बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक पातळ थर) असेल तर ते कामाच्या जागेपुरते काढून घ्यावे. ॲक्रिलिक कोटिंग द्रावकाने निघते, पण पॉलियुरेथेनचे कोटिंग आयर्नने जाळत बसू नये, कारण त्यातून निघणारी आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक असते.

त्यानंतर बोर्ड सुकवावा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हवेतला ओलावा बोर्डच्या राळेत आणि आयसीच्या प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो. एकदम उष्णता मिळाली की त्याची वाफ होते, बोर्डचे थर सुटतात, पांढरे फोड येतात आणि आयसीचे प्लास्टिक आतून तडकते. नुसता बोर्ड असेल तर १०० ते १०५ अंशांना काही तास ठेवता येतो, परंतु त्यावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले आणि प्लास्टिकचे कनेक्टर असताना मी ६० ते ६५ अंशांवर रात्रभर ठेवणे पसंत करतो. नवा आयसीसुद्धा सीलबंद पाकिटातून काढून महिनाभर ड्रॉवरमध्ये पडला असेल तर तो कोरडा आहे असे धरू नये. एमएसएल ३ (ओलाव्याला किती संवेदनशील ते सांगणाऱ्या) दर्जाच्या घटकाला ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत जेमतेम १६८ तासांची मुभा असते, आणि आपल्याकडे आषाढात उघड्या खिडकीशी ६० टक्के आर्द्रता म्हणजे कोरडा दिवस म्हणायचा.

आता कपॅसिटर. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकापर्यंतच्या अनेक बोर्डांवरचे एसएमडी इलेक्ट्रोलिटिक हमखास गळलेले सापडतात. गळलेला द्रव पॅडच्या कडेने आत शिरतो आणि तांब्याखालची पकड आधीच कमजोर करतो. कपॅसिटरचा डबा चिमट्यात धरून खाली दाबत पिळून तोडायचा, अशी एक रीत बऱ्याच ठिकाणी चालते आणि चांगल्या, कोरड्या बोर्डवर ती कधीकधी निभावूनही जाते. गळलेल्या बोर्डवर मात्र मी तिच्या वाटेला जात नाही. जिथे पॅड फक्त सवयीने जागेवर बसलेला आहे तिथे पीळ दिला की तो डब्याबरोबर हातात येतो. अशा ठिकाणी दोन्ही पायांच्या काळवंडलेल्या सोल्डरवर आधी फ्लक्स लावावा. नुसत्या आयर्नने तो सोल्डर वितळत नाही, कारण वर क्षारांचा थर असतो. फायबर ग्लासच्या पेनने तो थर हलकेच खरवडावा आणि मग ताजा ६३/३७ सोल्डर त्यात मिसळावा. त्या वेळी कुजक्या माशासारखा वास आला तर द्रव अजून आत आहे असे समजावे. दोन्ही पायांवर ताज्या सोल्डरचे थेंब झाले की दोन आयर्न एकाच वेळी दोन्ही बाजूंनी लावावेत, आणि डबा उचलायचा नाही, तो आपोआप तरंगून बाजूला सरकेल इतकेच ढकलावे. तो सरकत नसेल तर सोल्डर अजून वितळलेला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे, जास्त जोर लावा असा नव्हे.

नवा कपॅसिटर १०५ अंशांचा घ्यावा, व्होल्टेज मूळ आकड्याच्या खाली जाऊ देऊ नये आणि डब्याची उंची कॅबिनेटच्या झाकणाला लागत नाही हे आधी मोजावे. सगळीकडे सरसकट पॉलिमर कपॅसिटर बसवण्याची टूम मला पटत नाही, कारण काही जुने व्होल्टेज रेग्युलेटर कपॅसिटरच्या अंतर्गत रोधावर अवलंबून स्थिर राहतात आणि तो रोध फार कमी झाला तर ते डोलू लागतात. ध्रुवतेच्या बाबतीत एक गोष्ट बजावून सांगतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकच्या डब्यावरचा काळा पट्टा ऋण बाजू दाखवतो, तर टँटलम कपॅसिटरवरची रेघ धन बाजू दाखवते. एकाच्या जागी दुसरा लावताना ही गफलत झाली तर टँटलम पेट घेतो आणि खालचा बोर्डही जाळतो.

आता आयसीकडे येऊ. तो काढण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. ब्लेडने पाय कापून अंग उचलणे, हॉट एअरने सगळे सोल्डर एकदम वितळवणे, आणि कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरणे. ब्लेडचा दाब पायातून थेट पॅडवर जातो आणि हात जरा चुकला की शेजारचा ट्रॅक चिरतो, म्हणून तो मार्ग मी सोडून देतो. हॉट एअर चांगलाच आहे, पण गळतीने पॅड आधीच खिळखिळे झालेल्या बोर्डवर मला तिसरा मार्ग सर्वात भरवशाचा वाटतो.

या मिश्रधातूंत बिस्मथ असते, काहींत इंडियमही असते. बिस्मथ ५८ आणि कथील ४२ टक्के असा साधा मिश्रधातू १३८ अंशांना वितळतो, तर खास घटक काढण्यासाठी विकले जाणारे काही मिश्रधातू त्याहूनही बरेच खाली वितळतात. आयसीच्या चारही बाजूंना जेल फ्लक्स सढळ हाताने लावावा आणि आयर्नने हा धातू सर्व पायांवर सलग पसरवावा. मूळ सोल्डरशी तो मिसळला की त्या मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आयर्न फिरवेपर्यंत पहिली बाजू गोठत नाही. मग फेरी चालू ठेवावी आणि भिंगातून आयसीकडे पाहत राहावे. चारही बाजू एकदम पातळ झाल्या की आयसी किंचित खाली बसतो आणि आयर्नच्या नुसत्या स्पर्शाने सगळाच्या सगळा बाजूला घसरतो. त्याच क्षणी चिमट्याने आडवा सरकवावा, वर खेचू नये. आयसीच्या पोटाखाली गोंदाचा ठिपका किंवा थर्मल पॅड असेल तर तो सहज सरकणार नाही, म्हणून डेटाशीट आधी पाहून ठेवावी.

त्यानंतरची सफाई हा कंटाळवाणा भाग असला तरी तिथे हयगय चालत नाही. बिस्मथ आणि शिसे एकत्र राहिले तर त्यांचा कथिलाबरोबर असा मिश्रधातू बनू शकतो जो सुमारे ९६ अंशांनाच वितळतो, आणि फाउंड्रीतल्या गरम कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षे चालणाऱ्या बोर्डवर असा जोड ठेवणे म्हणजे तक्रार परत येण्याची सोय करणे होय. त्यामुळे पॅडवरचा सगळा धातू काढावा, त्यावर ताजा ६३/३७ फिरवावा आणि तोही पुन्हा काढावा.

माझ्या अनुभवात पॅड सर्वाधिक उखडतात ते आयसी काढताना नव्हे, तर या सफाईत, विक (सोल्डर शोषणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी) वापरताना. विकची लांब पट्टी पॅडवर ठेवली की तांबे उष्णता ओढून घेते, म्हणून माणूस आयर्न दाबतो. सोल्डर शोषला गेल्यावर तो आयर्न आधी उचलतो, विक पॅडला चिकटून गोठते आणि विक ओढली की पॅडही तिच्याबरोबर येतो. यासाठी विकचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्यावा, त्याला फ्लक्स लावावा, आयर्नच्या रुंद बिटने (टोकाने) वरून नुसते टेकवावे, आणि आयर्न व विक दोन्ही एकाच वेळी सरळ वर उचलावेत. घासू नये. बहुतेक वेळा तर तिरक्या कापाच्या बिटवर स्वच्छ सोल्डरचा छोटा थेंब घेऊन पॅडच्या रांगेवरून फिरवला तरी जास्तीचा सोल्डर बिटवर गोळा होतो आणि विकची गरजच उरत नाही. टोकदार, सुईसारखी बिट नाजूक कामाला बरी असे अनेकांना वाटते, पण तिचे टोक उष्णता पोचवत नाही, म्हणून माणूस तापमान वाढवतो आणि दाबतो, आणि दोन्ही गोष्टी पॅडच्या मुळावर येतात.

हॉट एअरच वापरायचा असेल तर आता आकडे. जोड कोणत्या सोल्डरचा आहे ते आधी ठरवावे. जुन्या बोर्डांवर शिसेयुक्त सोल्डर असतो, तर जुलै २००६ मध्ये युरोपात निर्बंध लागू झाल्यानंतरच्या बऱ्याच उपकरणांत कथील, चांदी आणि तांब्याचा, २१७ ते २२० अंशांना वितळणारा सोल्डर येतो. औद्योगिक नियंत्रण उपकरणांना पुढे बरीच वर्षे सवलत असल्याने नुसत्या सालावरून निष्कर्ष काढू नये. बोर्ड खालून प्रीहीटरने ९० ते १०० अंशांपर्यंत सावकाश, सेकंदाला दोन अंशांच्या आसपास, तापवावा आणि मग वरून हवा द्यावी. शिसेयुक्त जोड २१० ते २२० आणि शिसेविरहित जोड २४० ते २४५ अंशांपर्यंत जावा, आणि वितळल्यानंतर तो अर्धा-पाऊण मिनिटापेक्षा जास्त त्या अवस्थेत राहू नये. स्टेशनच्या पडद्यावरचे ३२० किंवा ३५० हे नोझलच्या आतले तापमान असते. बोर्डवर किती पोचते ते नोझलचा आकार, अंतर, हवेचा वेग आणि खालचा ग्राउंड प्लेन (तांब्याचा सलग थर) यांवर ठरते. म्हणून तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपलचे टोक उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने आयसीच्या शेजारी चिकटवावे आणि भंगारातल्या तशाच जाडीच्या बोर्डवर एकदा मोजून घ्यावे. उद्यमनगरच्या भंगारवाल्याकडे असे बोर्ड किलोवर मिळतात.

आजूबाजूचे इलेक्ट्रोलिटिक आणि कनेक्टर कॅप्टॉन टेप आणि ॲल्युमिनियम फॉइलने झाकावेत. काम सुरू करण्याआधी छताचा पंखा बंद करावा, कारण त्याचा झोत एका कोपऱ्याला गार करत राहतो आणि तोच कोपरा पॅड घेऊन येतो. मोठे सिरॅमिक कपॅसिटर जवळ असतील तर जपून राहावे. एकदम तापल्याने किंवा बोर्ड किंचित वाकल्याने त्यांना बाहेरून न दिसणारी चीर जाते, आणि तो दोष काही महिन्यांनी शॉर्ट होऊन समोर येतो. रिवर्क स्टेशन इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असावे. चालू कामात वीज गेली तर बोर्ड अर्धवट राहतोच, शिवाय पंखा थांबल्याने तापलेला हीटरही जळतो. अर्थिंगही मीटरने तपासून घ्यावे. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे मागे अर्थिंग आहेच, असे आपल्या जुन्या गाळ्यांत धरून चालता येत नाही.

नवा आयसी बसवणे हे काढण्याच्या मानाने सोपे आहे. पिन १ ची खूण दोनदा पाहावी, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतली एकेक पिन टाचावी आणि चारही बाजू भिंगाखाली सरळ आहेत याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये. मग भरपूर फ्लक्स लावून तिरक्या बिटवर थोडा सोल्डर घ्यावा आणि पायांच्या टोकांवरून ती एका वेगाने ओढत न्यावी. शिसेयुक्त सोल्डरला ३३० ते ३५० अंश पुरतात. शेवटच्या दोन-तीन पिनांत सोल्डर साकळला तर नवा फ्लक्स लावून स्वच्छ बिट बाहेरच्या दिशेने ओढावी. पिनांमधले शॉर्ट मीटरने तपासताना सर्किटचा आराखडा किंवा डेटाशीट जवळ ठेवावी, कारण शेजारच्या काही पिना मुळातच जोडलेल्या असतात आणि त्यांना शॉर्ट समजून सोल्डर उपसत बसण्यात बोर्डचे नुकसान होते.

इतके करूनही एखादा पॅड गेला तर घाबरून जाऊ नये. आधी ती पिन डेटाशीटमध्ये वापरात आहे का ते पाहावे. अनेकदा ती रिकामीच असते. वापरात असेल तर तिचा ट्रॅक जिथे पुढच्या व्हायाला (बोर्डचे थर जोडणाऱ्या छिद्राला) किंवा रेझिस्टरला मिळतो ती जागा शोधावी, ट्रॅकवरचा हिरवा थर दीड-दोन मि.मी. खरवडून तांबे उघडे करावे, कथील चढवावे आणि ०.१ मि.मी.ची इनॅमल तार तिथपासून आयसीच्या पायापर्यंत टाकावी. तार वळणाशी थोडी सैल ठेवून अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या यूव्ही सोल्डर मास्कच्या थेंबाने जागेवर बसवावी. नुसत्या पायाला लोंबणारा जंपर लेथच्या कंपनांत टिकत नाही. पॅड उचलला गेला पण ट्रॅकला धरून असेल तर तो आयर्नने दाबून चिकटवण्याचा मोह टाळावा. तो निवल्यावर खाली थोडे इपॉक्सी सरकवून बसवावा.

शेवटी फ्लक्स धुवून काढावा. नो-क्लीन असे लिहिलेला फ्लक्ससुद्धा सढळ लावल्यावर पूर्ण तापलेला नसतो आणि पावसाळी हवेत तो ओलावा धरून गळतीचा प्रवाह वाहू देतो, मग ड्राइव्ह सकाळी थंड असताना अलार्म देतो आणि दुपारी विनातक्रार चालतो. आयपीएने दोनदा धुऊन, ब्रश मारून, पुन्हा ६० अंशांवर सुकवल्यानंतरच वीज द्यावी. बोर्ड परत ड्राइव्हमध्ये लावण्यापूर्वी डीसी बसचे (ड्राइव्हमधल्या उच्च व्होल्टेजच्या डीसी लाइनचे) कपॅसिटर रेझिस्टरने उतरवले आहेत का ते मीटरने पाहावे. ४१५ व्होल्ट तीन फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये तिथे ५८० व्होल्टच्या वर असतात, आणि स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय हातालाही भोवते आणि ड्राइव्हलाही. कंट्रोलरची बॅटरी याच कामात काढावी लागणार असेल तर मशीनच्या पॅरामीटरचा बॅकअप आधी घ्यावा, नाहीतर बोर्ड दुरुस्त होतो आणि मशीन मुके होते.

पहिली वीज करंट लिमिट असलेल्या पॉवर सप्लायवरून फक्त लॉजिकच्या भागाला द्यावी. ५ व्होल्टची लाइन बरोबर असेल, आयसी हाताला गरम लागत नसेल आणि अर्ध्या तासानंतरही करंट चढत नसेल, तरच ड्राइव्ह जोडावा. मशीनवर तो पूर्ण पाळी चालल्यानंतर कनेक्टर झाकून ॲक्रिलिक कोटिंगचा पातळ हात द्यावा, आणि बिलावर कॅबिनेटच्या पंख्याचा फिल्टर बदलण्याची सूचना लिहावी.